मुळानगरची खोली सुमैराला

मी फैयाज मोहियोद्दीन मोमीन, वय २७, धंदा जलरंगातली चित्रे, राहणार राहुरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणी सांगितले म्हणून नव्हे तर विचार करून लिहीत आहे. येत्या मंगळवारी पुण्यात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. माझे डोके ठिकाणावर आहे. भीती वाटायला हवी, ती वाटत नाही. आत काहीच हलत नाही. शाळा नववीत सुटली, म्हणून कायद्याचे शब्द वकील प्रणिताताईंना विचारून घेतले. बाकीचे माझे आहेत.

१. मी अविवाहित आहे. अम्मी हयात नाहीत. कायद्याने माझे वारस एकटे अब्बा. धाकटी बहीण सुमैरा वारसांत येत नाही, त्यामुळे तिला माझ्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत देता येते. त्याहून जास्त द्यायचे तर अब्बांची संमती लागते, आणि तीही माझ्या मृत्यूनंतर दिलेली. आज त्यांनी हो म्हटले तरी उपयोग नाही. हे मी ताईंना पुन्हा पुन्हा विचारले.

२. मोटारसायकल अब्बांची. तिचा डावा आरसा सैल आहे.

३. रंग, कागद व ब्रश सुमैराचे. ओले ब्रश आडवे वाळवावेत. तिला माहीत आहे, तरी लिहितो.

४. शिर्डीच्या ज्या हॉटेलात माझे मोठे चित्र आहे, त्यांना दुसरे देऊ नये. पाण्यावरच्या सकाळच्या उजेडासाठी आम्ही कागद कोराच सोडतो. मॅनेजरना वाटले काम अर्धवट राहिले. त्यांनी भिंती रंगवणाऱ्याकडून तिथे पांढरा ऑइलपेंट भरून घेतला आणि मला बोलावून दाखवला. मी "बरं" म्हणालो. ते बरे नव्हते.

५. धरणावर मासे धरणारे गोरक्षनाथदादा साक्षीदार आहेत, म्हणून त्यांच्या नावे काही ठेवू नये, असे ताई म्हणाल्या. मी शिडाची नाव कधी खरी पाहिली नव्हती, सगळी शिडे फोटोवरून काढायचो. दादांनी एका सकाळी आपल्या नावेत बांबू उभा केला, त्याला चादर बांधली. वारा भरला आणि नाव गरगर फिरली. काठावरून त्यांच्या पत्नी भागूबाई ओरडल्या, "माझ्या माहेरची चादर हाय ती! भिजली तर घरी येऊ नका!" दादा ओरडले, "फैयाज, लवकर काढ रं! नाव बुडाली तर काढता येईल, ही बाई न्हाई ऐकायची!" ते चित्र काल मी त्यांच्या हातात दिले. ते या मृत्युपत्रात लिहायची गरज राहिली नाही.

६. राहिली मुळानगरची खोली. ती माझ्या एकट्याच्या नावावर आहे. खिडकीतून धरण दिसते. सुमैरा आणि मी पहाटे राहुरीहून जातो आणि ऊन वर येईपर्यंत तिथे काम करतो.

रविवारी चहाच्या वेळी अब्बा म्हणाले, "तू हायेस म्हणून ती येती. तू नसलास तर पोरीचं धरणावर काय काम? खोली भाड्यानं दिऊ."

सुमैरा म्हणाली, "अब्बा, भाईजानला नुसती शिडं येतात. खालचं पाणी मी रंगवते."

"जिथं शिडंच न्हाईत तिथं ह्यो शिडं काढतो, आन् तू त्याखाली पाणी घालती. दोघं येडे." अब्बा हसले. आम्हीही हसलो. मग त्यांनी भाड्याचे पुन्हा काढले.

सुमैरा म्हणाली ते खरे आहे. आमच्या चित्रांतले पाणी तिचे आहे.

पूर्ण खोली सुमैराला मिळावी, ही माझी इच्छा. अब्बांची सही झाली नाही तर खोलीचा तिसरा हिस्सा, खिडकीकडचा, तिचा. मी खडूने रेघ मारून पाहिली. तिच्या भागात टेबल बसते, उजेड पुरतो. दार मात्र अब्बांच्या भागात येते.

अब्बा, हे तुमच्यावर रागावून लिहिलेले नाही. मला सध्या राग येत नाही. खाली तुमच्यासाठी जागा सोडली आहे.

ठिकाण: राहुरी, जि. अहिल्यानगर
दिनांक: ७ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार: फैयाज मोहियोद्दीन मोमीन (सही)

आमच्यासमोर सही केली:
१. गोरक्षनाथ बर्डे, मुळानगर (अंगठा)
२. ॲड. प्रणिता कुलकर्णी, राहुरी (सही)

कलम ६ मधील पूर्ण खोली माझी मुलगी सुमैरा हिला देण्यास माझी संमती आहे.
(फैयाजच्या मृत्यूनंतर भरावे)

मोहियोद्दीन मोमीन, वडील
सही: ____________
दिनांक: ____________