खिंडीखालून परत

दोब्रिनिश्ते, ४ एप्रिल

ती. नेवेनाताईस,
सा. न. वि. वि. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहायला बसले.

एलित्साला मागणी घालणारा यावोर तुला आठवत असेल. डोंगरात स्कीवाल्यांना वाट दाखवतो. शनिवारी पाहुण्यांबरोबर तो आमच्या ग्रोझदानलाही घेऊन गेला. होणाऱ्या सासऱ्याला खूश करायचं असणार. खिंड थोड्याच अंतरावर राहिली असताना त्यानं सगळ्यांना मागे फिरवलं. आभाळ निळंभोर, वाऱ्याचं नाव नाही. गावातला दुसरा वाटाड्या क्रुम, त्याची टोळी मात्र त्यांच्या शेजारून वर गेली, खिंड गाठून आली, आणि खानावळीत यावोरला विचारत होती, की आईनं जेवायला हाक मारली होती का. हा मुकाट्यानं घेवड्याचं सूप पीत राहिला.

ग्रोझदान म्हणतो, पोरगा भित्रा आहे. मला वेगळाच संशय येतो. ग्रोझदानच सांगतो, परत फिरण्याआधी तो बाजूला जाऊन हळू आवाजात फोनवर बोलत होता, आणि पलीकडून बाईचा आवाज येत होता. एलित्साला काही बोलले नाही. काय करू?
माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी दोन्का

प्लोवदिव, ९ एप्रिल

चि. दोन्कास,
अनेक आशीर्वाद. भित्रा नवरा चालतो गं, घरी तरी असतो. तुझ्या शूर ग्रोझदानपायी तुझा जीव जन्मभर टांगणीला आहे. पण ती फोनवरची बाई मलाही खटकते. ईस्टरला जेवायला बोलाव आणि सगळ्यांदेखत विचार. बोलताना नजर कुठे जाते ते बघ.
खोकल्याला जप. म्हातारीची आठवण ठेव.
नेवेना

दोब्रिनिश्ते, २० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि. विचारलं. नजर कुठेच गेली नाही. फोनवर वरच्या विश्रांतिघराची वास्का होती. तीच, जिच्या मिशांना आपण हसायचो! रात्री ढग होते का, हे त्याला हवं होतं. ती म्हणाली, रात्रभर होते, बाहेरच्या बादलीतलं पाणीसुद्धा गोठलं नाही. या दिवसांतला बर्फ रात्री गोठला तरच सकाळी धरून राहतो म्हणे. नाहीतर ऊन लागलं की अख्खा उतार सुटतो. यावोरची काठी मुठीपर्यंत आत जात होती.

मग क्रुम कसा परत आला, असं ग्रोझदाननं विचारलं. नशिबानं, असं यावोर म्हणाला. ग्रोझदान हटेना. तिथला बर्फ आजही जागेवर आहे, मग तू खरा कुठे ठरलास, म्हणाला. यावोरनं सुरी खाली ठेवली.

"काका, मी खरा ठरलो असतो तर आज तुमची खुर्ची रिकामी असती."

एलित्सानं त्याला आणखी मटण वाढलं.

मी तरी लगेच विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी वास्काला फोन केला. बादलीचं खरं निघालं. वर तिनंच विचारलं, लग्न कधी? सप्टेंबरात आहे, तुला यायचंच आहे.

काल क्रुम दारात आला. रविवारी खिंडीत चल, म्हणून ग्रोझदानच्या मागे लागला. ग्रोझदान म्हणाला, गुडघा दुखतोय. ताई, त्याचा गुडघा आजवर कधी दुखलेला नाही.
आहे तसाच मला जीव लावत राहा.
तुझी दोन्का