जेठांची सही

३ फेब्रु.
आमच्या संस्थेसाठी रुग्णांच्या गाडीच्या अनुदानाचा अर्ज. शेवटची तारीख १४. मिळाली तर खांडबाऱ्याकडची सिकलसेलची पोरं वेळेवर नंदुरबारला दवाखान्यात पोचतील. नोंदणी प्रमाणपत्र, घटना, ऑडिट सापडलं. राहिला अध्यक्षांच्या सहीचा ठराव. अध्यक्ष म्हणजे आमचे जेठ. ह्यांनी हयात असताना मोठ्या भावाला मान म्हणून खुर्ची दिली. भोगतेय मी.

५ फेब्रु.
ब्राह्मणपुरीला जेठांकडे गेले. डोक्यावर पदर, ओसरीच्या कडेला उभी. जेठ भावजयीशी थेट बोलत नाहीत, जेठाणीकडे बघून बोलतात.
"तिले सांग, सही करी दिसू. घाई काय शे?"
मी दोन हातांच्या अंतरावर. जेठाणीने तेच पुन्हा मला सांगितलं, जशी काही मी बहिरी. चहा न घेता निघाले.

८ फेब्रु.
घाई का नाही ते कळलं! सी.ए.च्या टेबलावर जेठांच्या नव्या संस्थेची फाइल. ह्याच गाडीसाठी अर्ज. जोडलेली रुग्णयादी माझी, माझ्या अक्षरातली, झेरॉक्स. एका पोराचं नाव विचारा त्यांना. घरी येऊन भांडी आपटली. सोडणार नाही.

१० फेब्रु.
जुन्या फाइलीत कोरं लेटरहेड. खाली जेठांची सही, शिक्का. खेपा वाचाव्यात म्हणून पूर्वी दहा-दहा कागदांवर एकदम सह्या करून द्यायचे. हे एकच उरलंय. त्यावर ठराव टाइप करता येईल.
किंवा त्यांचा राजीनामा. "प्रकृतीच्या कारणास्तव".
दिवसभर हसू येत होतं.

१२ फेब्रु.
मोगीबाई यादीतल्या तिच्या पोराला पाठीवर घेऊन आली. पोराचे हातपाय सुजलेले. "जीप भरली नाय, सुटली नाय. दोन दिस गेले." रिक्षा करून दिली. चार दिवस मला जेठांशिवाय काही दिसत नव्हतं, लाज वाटली. राग मात्र तसाच.

१४ फेब्रु.
टायपिंगचं दुकान. दोन्ही मजकूर टाइप करून घेतले. ठराव काढला तर अर्ज जाईल, पण गाडी आली की चावी अध्यक्ष म्हणून तेच घेणार, हार घालून, फोटो काढून. मी पदर घेऊन मागे. राजीनामा काढला तर ते खुर्चीवरून उठले, पण ठरावाविना अर्जही बुडाला. मोगीबाईचं पोर पुन्हा जीप भरायची वाट बघणार.
दुकानदाराने लेटरहेड प्रिंटरला लावलं.
"ताई, दोन्हीमाईन कोनतं काढू?"
थांब म्हटलं भाऊ, पाच मिनिटं. बाकावर बसून हे लिहितेय. अर्ज आजच पोचवायचा, नंदुरबारची एसटी साडेबाराची. तो परत विचारतोय