दाराशी कोणी नाही

३ मार्च

कुत्रा घरात आला. धाकट्या भावाचा. भाऊ जाऊन आज नऊ दिवस.

त्याच्या शेजारचे मास्तर आणून सोडून गेले — पट्टा, भांडं, जुनी सतरंजी, आणि जेवणाच्या वेळा लिहिलेला कागद. अक्षर भावाचं. चार वर्षांनी पाहिलं.

मास्तर म्हणाले, 'जमत नसेल तर आश्रयगृहात जागा आहे. पण तुम्ही सख्ख्या बहीण, म्हणून आधी इथे.'

महिनाभर ठेवते म्हटलं. एकतीस तारखेला येऊन घेऊन जा.

रंग तपकिरी, म्हणून नाव तपकिऱ्या. भाऊ कोणत्या नावाने हाक मारायचा ते मास्तरांनाही माहीत नाही. दात पाहिले. तेवढं मला कळतं — सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या कवळ्या करते आहे. वरचा डावा सुळा टोकाशी मोडलेला, दाढांवर पिवळा थर, हिरड्या चांगल्या. वय सहा-सात. तोंड उघडू दिलं, कुरकुर केली नाही. भावापेक्षा शहाणा.

४ मार्च

खात नाही. हाक मारली की नुसता बघतो. वैतागून मांडीवर थाप मारली, तर लगेच उठून आला.

६ मार्च

जुलाब. सतरंजी धुतली, फरशी दोनदा पुसली. बिनमिठाची उकडलेली कोंबडी आणि भात थोडा थोडा दिला. संध्याकाळी वाटी चाटून साफ केली. उगाच बरं वाटलं.

एकदाही भुंकलेला नाही.

८ मार्च

दुपारी जेवणाच्या टेबलावर मेणात दात बसवत होते. तो झोपला होता. एकदम उठला, येऊन माझ्या गुडघ्याला नाक लावलं. दोनदा. मग दाराशी जाऊन बसला आणि मान वळवून माझ्याकडे बघत राहिला.

मेण गरम असताना हात काढता येत नाही. चार-पाच मिनिटांनी दार उघडलं. कोणी नाही. जिन्यात ऊन. तपकिऱ्याने उंबऱ्यापाशी हुंगलं आणि शेपूट हलवली. ओळखीच्या माणसासाठी हलवतात तशी.

दार लावून घेतलं.

११ मार्च

पुन्हा. गुडघा, नाक, दोनदा. या वेळी स्वयंपाकघरात नेलं. चहाचं पाणी आटून गेलं होतं. शिटीची किटली, पण झाकण नीट बसलं नसणार. याला कसं कळलं?

१२ मार्च

नखं कापली. एक जास्त कापलं गेलं, रक्त आलं. पंजा मागे घेतला नाही, माझ्याकडे बघत राहिला फक्त. मीच घाबरले.

१४ मार्च

दोनदा उठला. सकाळी दहाला आणि सव्वाचारला. दोन्ही वेळा दार. हातातलं काम आवरून उघडलं. दोन्ही वेळा कोणी नाही.

दारावरची बेल दाबून पाहिली. वाजली नाही. कधी बंद पडली कोण जाणे, माझ्याकडे येतं कोण! म्हणजे बेलही नाही. मग हा कशाला उठतो?

बाहेर गच्चीच्या कठड्यावर चिमण्या आल्या होत्या. या वर्षी त्याही मुक्याच.

१७ मार्च

कवळ्यांच्या प्रयोगशाळेत उशीर झाला. पॉलिशवाला शेजारी येऊन उभा होता, मला पत्ता नाही. 'ताई, तीन हाका मारल्या. कानात प्लास्टर गेलं का?' सगळे हसले. मीही. त्या घासायच्या मशीनशेजारी दिवसभर बसून कोणाला काय ऐकू येणार.

घरी आले तर तपकिऱ्या दाराला पाठ टेकून झोपलेला. आत यायला जागाच नव्हती.

१९ मार्च

आता लिहूनच टाकते.

चार वर्षांपूर्वी बाजाराच्या रस्त्यावर भाऊ दिसला. पंधरा पावलं पुढे. आदल्याच आठवड्यात आईच्या कपाटावरून आमचं वाजलं होतं. मी म्हटलं, जाऊ दे, आपण मोठ्या. हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेला फळवाला वळला, दोन बायका वळल्या, एक शाळकरी पोर वळलं. हा नाही वळला. तसाच चालत गेला, डोकं थोडं खाली घालून.

ऐकून न ऐकल्यासारखं करणारा माणूस मला चालत नाही. त्या दिवसापासून मीही हाक मारली नाही. फोन नाही, पत्र नाही. शेवटी मास्तरांचाच फोन.

आता तो दाराशी येतो आहे का? हे वाक्य लिहून खोडलं होतं. पुन्हा लिहिलं.

२१ मार्च

तपकिऱ्याला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वजन अठरा किलो, हवं त्यापेक्षा दोन किलोने कमी. रक्त घेतलं. दाढांवरचा थर काढायला हवा म्हणाल्या. मी म्हटलं, तो मला दिसतोच आहे, डोक्यात काही बिघाड आहे का ते सांगा. रिकाम्या दाराशी जातो.

त्यांनी त्याच्या पाठीमागे कागद चुरगाळला. कान लगेच वळले.

'ऐकू उत्तम येतं. भुंकतो?'

'नाही.'

'नाकाने ढोसून उठवतो, आणि आवाज आला तिथे नेतो. बरोबर?'

'आवाज कुठे असतो? तेच तर म्हणते आहे.'

'ते असो. पण हे शिकवलेलं आहे, बाई. बहिऱ्या माणसांसाठी शिकवतात. तुमच्या भावाला ऐकू यायचं ना?'

'चांगलं यायचं,' मी म्हटलं.

'मालकाला शोधत असेल,' त्या म्हणाल्या. 'वेळ द्या. पाणी भरपूर द्या.'

२२ मार्च

मास्तरांकडे गेले. तपकिऱ्या भावाच्या बंद दारासमोर बसला, उठेना.

मास्तर म्हणाले, 'तुम्हाला माहीत नव्हतं? पाच वर्षं झाली. आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज गेले, मग सगळेच. कोणाला सांगायचा नाही. लाजायचा. लोकांच्या ओठांकडे बघून निभवायचा.'

पाच वर्षं. बाजार चार वर्षांपूर्वीचा.

पाठमोऱ्या माणसाला ओठ कसे दिसणार?

मी उठायला लागले तेव्हा मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले, 'बोलू नये, पण बोलतो. तो आला होता तुमच्याकडे. गेल्या वर्षी दोनदा. याला घेऊन. बराच वेळ बेल वाजवली म्हणाला. घरात दिवा होता, तुमची सावली पडद्यावर दिसत होती. परत येऊन मला म्हणाला, ताईने ठरवलंय, आता मी त्रास देणार नाही.'

कोणी आलं नव्हतं. मी शपथेवर सांगेन. कोणीही आलं नव्हतं.

२३ मार्च

धाकटा खोटं बोलला असेल. लहानपणीही बोलायचा. पेन हरवलं तर ताईने घेतलं.

पण पडद्यावरची सावली?

२५ मार्च

दाढांचा थर काढून आणला. भूल उतरेपर्यंत डोकं माझ्या मांडीवर. जीभ बाहेर, जड. मोडक्या सुळ्याला टोपी बसवता येईल, माप घेऊन मीच करीन, असं मनात आलं. सहा दिवसांत जाणार आहे तो.

२७ मार्च

चार वेळा उठला. मी एकदाही उठले नाही. गुडघ्याला ढोसत राहिला, नाक ओलं आणि गार. शेवटी ओरडले, 'कोणी नाही तिथे! मेला तो.' खाली बसला. तोंड दुसरीकडे फिरवलं नाही. माझ्या ओठांकडे बघत होता.

हे मला सहन होत नाही. मास्तरांना फोन करून सांगितलं, एकतीसला नक्की या.

२९ मार्च

पट्टा, भांडं, सतरंजी एका पिशवीत भरून ठेवली. तो पिशवीपाशी जाऊन झोपला.

३० मार्च

सकाळी अकरा. गुडघा, नाक, दोनदा. शेवटचंच, म्हणून उठले. हातात काही नव्हतं, लगेच गेले, लगेच दार उघडलं.

वरच्या मजल्यावरच्या काकू उभ्या होत्या. 'अगं, आहेस की घरात! महिनाभर येतेय, दर वेळी तशीच परत जाते. चिडलीस का माझ्यावर? वर माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येते ही बेल, आणि तू...'

त्या बोलत होत्या तोवर मी त्यांच्या हाताकडे बघत होते. बोट अजून बटणावरच दाबलेलं होतं.

कुठेही काही वाजत नव्हतं. तपकिऱ्याचे कान उभे होते.