नाव नसलेला रंग

साउदॅम्प्टन, मार्च १५१०

प्रिय आई,

तुझ्या पाया पडतो. मी खुशाल आहे. खोकला आहे, पण इथे तो सगळ्यांनाच असतो.

गेल्या आठवड्यात जरा गंमत झाली. लोकरीच्या व्यापाऱ्याची बायको, मिसेस पेनफोल्ड, लेकीच्या लग्नासाठी ‘पिवळं-लाल’ कापड आमच्या रंगाऱ्याच्या दुकानात रंगवायला देऊन गेली. मी अर्धं पिवळं रंगवलं, अर्धं लाल.

"मी काय विदूषक आहे?" बाई किंचाळल्या. "पिवळ्या-लालच्या मधला रंग हवा होता!"

"त्या रंगाचं नाव काय?"

"त्याला नाव नाही!"

मालक मला म्हणाले, "आवर तुझं सामान."

मी धावत धक्क्यावर गेलो आणि आपल्या सेव्हिलच्या जहाजावरून एक नारिंग आणलं. "हा का रंग? नारांझा?"

"हाच!" बाई म्हणाल्या. "पण याला ऑरेंज म्हणतात."

मालक हसले, "फळाचं नाव कापडाला? उद्या कांद्याचं देशील!"

मी पिवळ्यावर लाल चढवला, लालवर पिवळा. नोकरी वाचली. आता गावातल्या सगळ्या बायकांना ‘ऑरेंज’ कापडच हवंय. नारांझातला आपला ‘न’ वाटेत कुठल्या देशात गळाला, देव जाणे.

बाबांची नजर कशी आहे? इनेसचं लग्न ठरलं का?

काल बाजारात मी नारांझा मागितलं, तर फळवाली मायेने म्हणाली, "बाळा, उच्चार चुकतोय तुझा." बाबांना सांगू नकोस, पण मी निमूटपणे ‘ऑरेंज’ म्हणालो.

तुझाच,
खिनेस