सोयाचा काना

१२ फेब्रुवारी

डायपरमध्ये रक्त! दोन ठिपके आणि शेंबडासारखी एक लांब तार. मी किंचाळले, नवरा बाथरूममधून साबणासकट बाहेर आला. मग मी तो डायपर पिशवीत, पिशवी पर्समध्ये आणि लेकीला काखेत मारून दवाखाना गाठला. तिथल्या मुलीने "जुनं कार्ड आहे का?" विचारलं, आणि मी घाईघाईत पर्समधून काढून तिच्यासमोर काय ठेवलं असेल? तीच पिशवी. बिचारीने उघडली.

डॉक्टरीणबाई मात्र शांत. भोंग्याचं पोट चाचपलं. (भोंगा म्हणजे लेक. वय दहा आठवडे. नाव बापाने ठेवलंय, आवाजावरून.)

"तुम्ही दूध पिता का?"

"भरपूर! अंगावर पाजते ना, म्हणून दिवसाला चार पेले," मी छाती फुगवून सांगितलं.

"ते बंद करा. दूध, दही, लोणी, चीज, सगळंच. त्यातलं प्रथिन तुमच्या दुधातून हिच्या पोटात जातं, आणि हिच्या आतड्याला ते सोसत नाही."

म्हणजे दहा आठवडे मी नाक दाबून ढोसत होते, आणि ती कळवळत होती. वर मी शेजारणीला सांगायचे, "आमची जरा रागीट आहे, बापावर गेलीय." आदर्श माता!

१३ फेब्रुवारी

कोरा चहा. शी!

१५ फेब्रुवारी

सासूबाईंना पटलेलं नाही. बाळंतपणाला म्हणून आल्या, अजून आहेत. आयुष्यभर शिवणकाम केलेली बाई, माणसाकडे बघून कंबर सांगते. भोंग्याकडे बघून रोज म्हणतात, "मांडी भरत नाहीये गं." मला ते ऐकू येतं ते असं — तुझं दूध पातळ आहे.

"आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही," आज म्हणाल्या.

मी म्हटलं, "असेल. तुम्हाला कळलं नसेल."

मग दोघीही भांडी घासायला एकदमच उठलो. धुसफूस करायला सिंक एकच आहे आमच्याकडे.

२० फेब्रुवारी

दूध कशात नसतं ते विचारा! पावात. सूपच्या पाकिटात. सॉसेजमध्ये! दुकानात एक पाकीट हातात घेऊन मी इतका वेळ वाचत उभी होते की तिथल्या माणसाने विचारलं, "बाई, तुम्ही तपासणीच्या का?"

खरं म्हणजे होय की! अकरा वर्षं मी हेच करतेय. छापखान्यात वेष्टनांचे नमुने येतात, ते तपासून सही करायची. बिस्किटं, सूप, मसाले. माझ्या सहीशिवाय एक पुडा छापला जात नाही. 'दुधाचे घनपदार्थ' हे शब्द मी हजार वेळा वाचले असतील. घ नीट उठलाय का, बस्. ते घनपदार्थ कुणाच्या तरी पोटात जाणार आहेत हे अकरा वर्षांत एकदाही डोक्यात आलं नाही. बाळंतपणाची रजा संपून परत गेले की सगळ्यांना हे सांगेन. किंवा नाही सांगणार.

४ मार्च

रक्त कमी झालंय, पण थांबलेलं नाही. आणि वजनाचा काटा तिथेच! पंधरा दिवसांत फक्त शंभर ग्रॅम.

डॉक्टरीणबाई: "आता सोयाबीनही बंद करा. दूध न सोसणाऱ्या बऱ्याच बाळांना तेही सोसत नाही. महिनाभर बघू. वजन नाही वाढलं तर तुमचं दूध थांबवून डब्यातलं खास दूध सुरू करू."

त्या हे इतक्या सहज म्हणाल्या — जणू नळाचा वायसर बदलायचाय. मी मान डोलावली. हुशार विद्यार्थिनीसारखी वहीत लिहूनही घेतलं. बाहेर येऊन जिन्यात बसले आणि भोंग्यापेक्षा मोठ्यांदा रडले. वरून उतरणाऱ्या एका आजोबांनी मला टॉफी दिली. दुधाची! मी रडत रडत पाठीमागचं वाचलं आणि परत केली.

९ मार्च

भात, उकडलेला बटाटा, अंडं, सफरचंद. भात, उकडलेला बटाटा, अंडं, सफरचंद. नवरा लिफ्ट दुरुस्तीला जातो तेव्हा डब्यात चीज नेतो आणि घरी येताना तोंड धुऊन येतो. सवत ठेवल्यासारखा!

१४ मार्च

आनंदी आनंद! बिस्किटं सापडली. पुड्यावर बोटभर अक्षरात — 'दूधविरहित'. चार पुडे आणले आणि टॉवेलांच्या कपाटात मागे लपवले. नवऱ्यापासून नाही, सासूबाईंपासून. त्यांच्यासमोर मला त्यागमूर्तीच राहायचंय.

२० मार्च

चार दिवस बरे गेले होते. आज पुन्हा कळा. पाय पोटाशी घेते, लाल होते, अंग ताठ करते. मी काय खाल्लं? भात, बटाटा, अंडं. वहीत सगळं लिहिलंय, वेळेसकट.

(बिस्किटं लिहिलेली नाहीत. चोरून खाल्लेलं धरत नाहीत.)

२८ मार्च

दुपारी डायपरमध्ये रक्त. चांगलं रुपयाएवढं. तो हातात घेऊन मी बाहेरच्या खोलीत आले, तर सासूबाईंच्या मांडीवर भोंगा, आणि त्यांच्या हातातला चमचा हिच्या तोंडात!

माझं डोकंच फिरलं.

"आई, काय दिलंत तिला?"

"काही नाही गं. रिकामा चमचा आहे. गार लागतो, चोखत बसते."

"खरं सांगा!"

"अगं, खरंच सांगतेय."

"दूध दिलंत ना? मांडी भरावी म्हणून?"

त्यांनी चमचा उलटा करून माझ्यासमोर धरला. कोरडा ठणठणीत. ते दिसत असूनही मी म्हणाले — इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार — मी म्हणाले, "माझ्या मुलीला तुमच्या हातचं काहीही नको. हातही नको."

त्यांनी भोंग्याला माझ्याकडे दिलं. मान सावरून, अलगद.

२९ मार्च

सकाळच्या बसने गेल्या. नवऱ्याने बॅग उचलून दिली. माझ्याशी बोलताना तो आता लिफ्टच्या मालकांशी बोलतो तसा बोलतो, "बघतो", "करतो". जाताना त्या मला म्हणाल्या, "बाळाला बरं वाटलं की कळव."

मी "हो" म्हटलं. ताठ मानेने. आपण बरोबर असलो की मान अशीच ताठ होते!

२ एप्रिल

सासूबाई जाऊन चार दिवस. रक्त आहेच. म्हणजे रिकाम्या चमच्याचा परिणाम फार दिवस टिकतो म्हणायचा.

दुपारी टॉवेल ठेवायला कपाट उघडलं. एक पुडा पालथा पडला होता. सवयीने वाचला. मैदा, साखर, वनस्पती तेल, सोया पीठ.

सोया पीठ.

मी तिथेच, टॉवेलांवर बसले. आणि मग त्याहून वाईट आठवलं. हे वेष्टन मी पाहिलंय! गेल्या वर्षी आलं होतं माझ्या टेबलावर. नमुन्यात 'सोय पीठ' छापलं होतं. मी लाल शाईने काना दिला, शेजारी लिहिलं 'सोय नव्हे, सोया', आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन ते पलीकडच्या टेबलावर दाखवायलाही नेलं. खाली माझी सही.

मोठ्या अक्षरांवर भरवसा ठेवायचा नाही, बारीक अक्षरांत बघायचं — हे मी नव्या मुलींना शिकवते. मी! शिकवते!

३ एप्रिल

नवऱ्याला सांगितलं. मला वाटलं ओरडेल. त्याने पुडा उलटून मागचं वाचलं, मग म्हणाला, "किती खाल्लीस?"

"साडेतीन पुडे."

"एकटीने?"

"हो."

मग तो हसायला लागला, आणि हसता हसता थांबला. "आईला फोन कर," म्हणाला. "मी करणार नाही. तू कर."

४ एप्रिल

आज करणार होते. भोंगा झोपला होता — झोपली होती. नंतर करू.

५ एप्रिल

रेंज नव्हती. (होती.)

८ एप्रिल

आरशासमोर सराव. "आई, माझा गैरसमज झाला." हे फारच सरकारी पत्रासारखं. "आई, चूक झाली." कुणाची? वाक्यात कर्ता कुठे आहे, बाई? दुसऱ्याच्या वाक्यातला बरा सापडतो!

१२ एप्रिल

केला. पहिल्याच घंटीला उचलला.

"आई, मीच खात होते. बिस्किटं. त्यांत सोयाबीन होतं. तुम्ही काही दिलं नव्हतं. चमचा कोरडा होता, ते मला तेव्हाच दिसलं होतं, तरी मी बोलले."



"शीचा रंग कसा आहे आता?"

"पिवळा. दोन दिवस रक्त नाही."

"आणि वजन?"

"सोमवारी आहे."

"बरं."

मग मी विचारलं, "आई, याल ना परत?" मला वाटलं, माफी मागितली की बाकीचं आपोआप होतं.

"रागावले नाहीये गं," त्या म्हणाल्या. "पण नको. तिथे मी चमचा धरला काय नि वाटी धरली काय, तुझी नजर माझ्या हातावर असायची. रक्ताच्या आधीपासून. मला काय कळत नव्हतं? शिवायला बसले की समोरचं गिऱ्हाईक कुठे बघतंय ते आधी कळतं मला. मी आपली इथे बरी."

मी "बरं" म्हटलं. त्या खोटं बोलत नव्हत्या ना!

१५ एप्रिल

चारशे ग्रॅम!!! डॉक्टरीणबाईंनी दोनदा वजन केलं, मी तिसऱ्यांदा करायला लावलं. डब्यातल्या दुधाची गरज नाही. सासूबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, "मांडीवर वळी पडली का?" मी मांडी बघितली. पडलीय! एक.

६ जून

कामावर रुजू. पहिल्याच दिवशी टोमॅटो सूपचं वेष्टन आलं. घटकांच्या यादीत दूध आहे, वर मोठ्या अक्षरांत पत्ता नाही. मी शेरा मारला — 'दूध असल्याचे ठळक छापावे.' साहेब म्हणाले, "बाई, तुमचं काम शुद्धलेखन." मी म्हटलं, "हो साहेब, पण हे वाचून एखादी बाई सासूला घराबाहेर काढेल." त्यांना काही कळलं नाही. पण पुढे पाठवलं. छापून ठळक आलं!

१९ ऑगस्ट

भोंगा बसते. दुधाशिवाय, सोयाशिवाय, माझ्या अकलेशिवाय. सासूबाईंशी रविवारी फोन होतो. शी, वजन, दात. तिघींत तेवढंच. येत नाहीत. मीही पुन्हा विचारलेलं नाही. विचारलं आणि "नको" म्हणाल्या तर?

८ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता जपून परत सुरू करून बघू. आधी तुम्ही. आठवडाभर काही झालं नाही तर मग तिला, भाजलेल्या बिस्किटातला एक कण, मग दोन.

आठ महिन्यांनी दुधाचा चहा! नवऱ्याने स्वतः केला. मी डोळे मिटून पहिला घोट घेतला. कोमट, पिवळट, साय आलेला. यासाठी मी एवढी झुरत होते?

दुसरा कपही प्यायले. वाया कशाला घालवायचा.

३० ऑक्टोबर

भोंग्याने अख्खं बिस्किट खाल्लं. काही नाही. पोट मऊ, डायपर स्वच्छ. मी डायपर उजेडात धरून बघत होते तर नवरा म्हणाला, "सही कर आता त्यावर."

१६ नोव्हेंबर

दही! चार चमचे! चार दिवस झाले, काही नाही. सोयाची पाळी पुढच्या महिन्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बहुतेक बाळं यातून बाहेर पडतात. तुम्ही आता जरा मोकळ्या व्हा." आजपासून मोकळी! खाण्याची वही बंद.

२१ नोव्हेंबर

सकाळी दूध तापवत होते. नुसत्या वासानेच ढवळून आलं. सिंकमध्ये ओकले. काल लोण्याच्या पावानेही तेच. भोंगा खुर्चीत बसून दही चाटतेय आणि आई ओकतेय! तिला सोसायला लागलं आणि मला बंद झालं की काय? नवरा म्हणतो, "एवढे महिने सवय मोडली, दुसरं काय." मलाही तेच वाटतं. आता माझी यादी करावी लागणार.

२३ नोव्हेंबर

दुधाचा काही दोष नाही. दोन रेघा आल्यात.

नवरा कुठल्यातरी लिफ्टच्या खड्ड्यात, फोन लागेना. म्हणून सासूबाईंना लावला. "आई, दोन दिवस दुधाच्या वासानेच ओकतेय," म्हटलं. पलीकडे शिलाईचं मशीन चालू होतं. ते थांबलं.

"पुन्हा दिवस गेलेत?"

"हो. आई, मला एकटीला नाही जमायचं. याल?"

"पाचची बस मिळेल मला," म्हणाल्या.