चौथ्या टाकीची वाइन

३ ऑगस्ट, शनिवार

डेन्व्हरने आज एकाचा जबडा मोडला. रग्बीच्या मैदानावर, सगळ्यांसमोर. तो इसम म्हणाला म्हणे, "काय रे, तुझा भाऊ टाकीत पोहायला शिकला का शेवटी?" आणि चारजण हसले. विचारणारा आता पार्ल गावच्या दवाखान्यात नळीने सूप पितोय.

घरी आला तेव्हा मुठीची सालं निघालेली. मी त्याचा हात मिठाच्या पाण्यात बुडवला. दीर आहे माझा, त्याला आवरायला हवं, कळतं मला. पण आतून बरं वाटलं! अगदी गार वाटलं. इथे लिहायला काय हरकत आहे, कोण वाचणार?

एल्रॉयला जाऊन दोन वर्षं उलटली, अजून हसतात. तो ज्या द्राक्षमळ्यात राबायचा त्याच्या मालकाने, कोबस क्रीलने, चौकशीत शपथेवर सांगितलं — चौथी टाकी वाइनने काठोकाठ भरलेली होती, तिथे कुणाला काही काम नव्हतं, एल्रॉय वर चढून चोरून पीत होता, तोल गेला, आत पडला. मेलेल्या माणसाची वाइन कोण पिणार, म्हणून अख्खी टाकी गटारात सोडली. अहवालात एकच ओळ : 'मयत नशेत होता.' रक्त कुणी तपासलंच नाही. मालकाचा शब्द पुरला.

अकरा वर्षं थेंब गिळला नव्हता माझ्या नवऱ्याने. वाइनरीत चाखायचा आणि थुंकायचा. चर्चमधला घोटसुद्धा नको म्हणायचा!

५ ऑगस्ट, सोमवार

माबरोबर भांडण. मा म्हणजे सासू. भिंतीवर फोटो लावत होते तर म्हणाली, "काढ तो. बापासारखाच गेला. लाज आणली."

बाप म्हणजे माझे सासरे. त्यांच्या काळी मजुरीतच वाइन द्यायचे, दिवसाला पाच डबे, सकाळी सहापासून. पंचेचाळिशीत पोट फुगून गेले.

"मा, त्या दिवशी सकाळीच टाकी उपसायची होती. मला सांगून गेला तो. तळाचा द्राक्षांचा चोथा काढायलाच उतरला असणार."

"कोबस माझ्याशी खोटं बोलणार नाही. या हातांनी भरवलंय त्याला."

तीस वर्षं मालकाच्या स्वयंपाकघरात काढली हिने. कोबसला न्हाऊ-माखू घातलं, कडेवर घेऊन झोपवलं. स्वतःचं पोर तेव्हा शेजारणीकडे. आणि आज पोटच्या पोरापेक्षा पोसलेल्याचा शब्द मोठा! डोक्यात तिडीक गेली. हातातली बशी भिंतीवर फेकली. तिच्या लग्नातली होती. तिने खाली बसून तुकडे वेचले.

८ ऑगस्ट, गुरुवार

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

दुपारच्या पाळीत हॉटेलात एका टेबलावरून बाटली परत आली, तळाशी घोटभर उरलेली. हॉटेलच्याच नावाचं लेबल, कुठल्या मळ्याची ते लिहिलेलं नाही. सवयीने नाकाला लावली.

निलगिरी!

ओढ्याकाठचा तुकडा. त्या वेलींना लागून निलगिरीची झाडं होती, त्यांचा वास द्राक्षांत उतरायचा. दरवर्षी ती द्राक्षं बाकीच्यांत मिसळून टाकत. एकाच वर्षी कोबसने ती वेगळी आंबवली, चौथ्या टाकीत. एल्रॉय रोज मुरंब्याच्या बरणीतून नमुना आणायचा. "रीटा, चाख. मालकाच्या हातून असली पुन्हा होणे नाही." पुढच्या हिवाळ्यात झाडं तोडली. म्हणजे ही वाइन एकदाच झाली, आणि ती गटारात गेलेली नाही!

गेली नाही म्हणजे आधीच काढून घेतली. म्हणजे टाकी रिकामी होती, आणि माझ्या माणसाला चोथा उपसायला आत उतरवला. आंबलेल्या टाकीच्या तळाशी वायू साचून राहतो, दिसत नाही. आधी दोरीला बांधून पेटती मेणबत्ती सोडायची. विझली तर उतरायचं नाही. वाइनरीत पहिल्या दिवशी शिकवतात हे. एल्रॉयच्या खिशात मेणबत्तीचं थोटूक निघालं होतं, वात जळलेली. एल्रॉयने बघितलं होतं! विझलेली बघितली होती, तरी मालकाने उतरवला!

ट्रे पडला. सहा ग्लास. मॅनेजर ओरडत होता आणि मी त्याच्या नरड्याकडे बघत उभी होते.

९ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी. केप टाऊनला जाऊन युनियनच्या वकीलबाईंना भेटले. नोलुथांडोबाई. शांतपणे ऐकलं सगळं.

"तुझ्या नाकाची साक्ष कोर्ट घेत नाही गं. आणि हॉटेलात विचारायला गेलो तर कोबसला वास लागेल, कागद जाळून मोकळा होईल. त्याच्याच तोंडून यायला हवं."

परतताना बसमध्ये तेच डोक्यात. वाइन करणाऱ्याच्या तोंडून खरं कसं काढायचं? मारून? ते काम डेन्व्हर फुकट करेल. आणि मग सुचलं. जगातली सगळ्यात चांगली गोष्ट केलीय त्याने आणि दोन वर्षं कुणाला सांगता आलेली नाही. किती कुजत असेल आतून!

११ ऑगस्ट, रविवार

ठरलं. चोवीस तारखेला माझ्या घरी चाखण्याची पार्टी. गावातल्या बायका पर्यटकांसाठी करतातच, मीही सहा केल्यात. सगळ्या बाटल्यांना मोजे चढवायचे, लेबल दिसता कामा नये. कुणाची कुठली ते चव सांगेल.

कोबसला निमंत्रण द्यायला गेले. आधी कंटाळला. मग म्हटलं, बासोनसाहेब येणार आहेत. शेजारच्या मळ्याचे हे बासोन, दोघं एकमेकांना पाण्यात बघतात. शिवाय जोहान्सबर्गहून एक मोठ्या खरेदीदार बाई. (नोलुथांडोबाई!) लगेच तयार.

निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "एल्रॉयचं मनात काही ठेवू नकोस हं, रीटा."

"छे हो, मालक."

घरी येऊन बघितलं तर तळव्यात चार नखं रुतलेली. चारही ठिकाणी रक्त.

१४ ऑगस्ट, बुधवार

छाटणीचे दिवस. डेन्व्हर मागच्या पायरीवर कात्री दगडावर घासत बसला होता. तासभर. कात्रीला एवढी धार लागत नाही, त्याने लावली.

"वहिनी, मान वेलीच्या काडीपेक्षा मऊ असते."

एक ठेवून दिली कानाखाली. म्हटलं, "तू त्याला मारलंस तर तो गरीब बिचारा, आणि एल्रॉय कायमचा बेवडा! कळतंय का गाढवा?" रडला. एवढा थोरला गडी, नाक ओढत रडला.

कात्री काढून घेतली आणि माच्या हवाली केली. तिच्या पलंगाखालच्या पेटीत बायबल असतं आणि मरणाचे कपडे. किल्ली चोवीस तास गळ्यात. त्याहून सुरक्षित जागा या घरात नाही.

१७ ऑगस्ट, शनिवार

सहा मोजे धुऊन वाळत घातले. एल्रॉयचे, रग्बीचे. वास गेला त्यांचा.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

मासे मसाल्याच्या लोणच्यात मुरवून ठेवले. पाव, अंजिराचा मुरंबा. हॉटेलातून दोन बाटल्या आणल्यात त्या कपाटात.

मा ग्लास पुसत होती. टेबलावरच्या थुंकायच्या बादलीकडे बघून म्हणाली, "आमच्या माणसांच्या घशात ओतली. आता स्वतः चाखतात अन् थुंकतात." पहिल्यांदाच असं काही बोलली. मी तिला बेत सांगितलेला नाही. सांगितलं असतं तर सरळ कोबसकडे गेली असती.

डेन्व्हरने भावाची शपथ घेतलीय, उद्या मैदानाकडेच थांबेन म्हणून.

२४ ऑगस्ट, शनिवार, संध्याकाळ

डाव्या हाताला सात टाके. उजवा शाबूत आहे, लिहिते.

बाराला आले. कोबस इस्त्रीचा शर्ट घालून, बासोन ढेरी सांभाळत. वकीलबाई खऱ्या खरेदीदारासारख्या मान डोलवत होत्या, फोन पर्समध्ये चालू. पहिल्या चार बाटल्या मजेत गेल्या. दोघं म्हातारे कोंबडे एकमेकांना टोचत होते. "कोबस, ही तुझी. टाचेखालच्या चिखलासारखी लागतेय." "मग तू ओळखणारच, चिखलात लोळतोस ना!" चाखायचं, थुंकायचं, हसायचं.

मग पाचवा मोजा.

बासोनने घोट घेतला आणि थुंकलाच नाही. गिळला. डोळे मिटले. "आई शप्पथ," म्हणाला. "कुणाची ही? कोबस, तुझ्या-माझ्या सात पिढ्यांत नाही जमायचं."

कोबसने ग्लास नाकाशी नेला आणि तिथेच थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. खाली ठेवला. पुन्हा उचलला.

"बाहेरची असेल," बासोन म्हणाला. "या खोऱ्यात कुणाचा हात एवढा नाही."

मी सहज म्हणावं तसं म्हटलं, "हॉटेलात म्हणत होते, बासोनसाहेबांच्या पुतण्याने केलीय."

"माझ्या पुतण्याने? अरे वा! बघ कोबस, पोरगं निघालं की नाही!"

"कोण, तो शेंबडा?" कोबसची मूठ टेबलावर आपटली, काटे उडाले. "त्याला पिंप कुठून उघडतं ते कळत नाही! माझी आहे ती! ओढ्याकाठची, निलगिरीची, बावीस सालची! चौथी टाकी! माझ्या हातची..."

आणि थांबला.

बाहेर खुराड्यापाशी कोंबड्या उकरताना ऐकू येत होत्या.

"चौथी टाकी तर गटारात सोडलीत ना, मालक? एल्रॉय तिच्यात पडला म्हणून?"

"थोडी... थोडी आधी काढून ठेवली होती."

"थोडी? हॉटेल दीड वर्ष हीच ओततंय. मग टाकी रिकामी होती. रिकाम्या टाकीत माझा नवरा काय प्यायला उतरला होता, चोथा? की भरलेल्या टाकीत मेला आणि तीच वाइन तुम्ही लोकांना पाजलीत? बोला! दोन्हीतलं कुठलं?"

बासोनने तोंडातलं बादलीत ओकलं आणि रुमालाने जीभ पुसली.

कोबसने बाटलीवर झडप घातली. मी मान धरून ठेवली, त्याने बूड. मनगट पिरगळलं माझं. बाटली टेबलाच्या कडेवर फुटली, काच तळव्यात घुसली. दुखलं नाही तेव्हा. मी दुसऱ्या हाताने बादली उचलली आणि सगळ्यांची थुंकी त्याच्या डोक्यावर रिकामी केली. मग ती रिकामी बादलीही घातली! एकदा, दोनदा. देवा, काय बरं वाटलं!

तेवढ्यात दारातून डेन्व्हर. खुराड्यामागे लपला होता मेला, भावाची शपथ खाऊन! एकच ठोसा. नाक मोडल्याचा आवाज ओल्या काडीसारखा आला. दुसरा पडायच्या आत मी मध्ये. "मला मार आधी!" बासोनने त्याला मागून मिठी घातली.

आणि स्वयंपाकघराच्या दारात मा उभी. हातात ग्लास पुसायचं फडकं. सगळं ऐकलं होतं तिने. आली, कोबससमोर उभी राहिली, फडक्याने त्याच्या नाकाचं रक्त पुसलं. लहानपणी पुसत असेल तसंच.

"कोबी, माझा पोरगा प्यायला होता का?"

तो बाहीने चेहरा पुसू लागला.

"मेणबत्ती विझली होती का, कोबी?"

"हंगाम होता, काट्रीना," तो म्हणाला. "द्राक्षांचे ट्रक उभे होते बाहेर. मला टाकी हवी होती."

मा फडक्याची घडी घालून आत गेली.

बाई म्हणतात सोमवारी अर्ज टाकू. सगळं टिपलं गेलंय, चौकशी पुन्हा उघडेल. ती ओळ खोडली जाईल. फोटो भिंतीवर लावला, खिळा सासूने स्वतः ठोकला, एका फटक्यात. डेन्व्हरवर मात्र नजर ठेवायला हवी. दाराला आडवी खाट टाकून झोपणार आहे मी, बघू कसा जातो.

२५ ऑगस्ट, रविवार

मा सकाळी पांढरी टोपी घालून चर्चला गेली, मागच्या दाराने. मी समोरचं दार अडवून बसले होते.

अकराला पोलिसांची गाडी. डेन्व्हरने काही न विचारता दोन्ही हात पुढे केले. ते त्याला ओलांडून माझ्यापाशी आले. काट्रीना फोर्टुइन तुझी कोण?

कोबस व्हरांड्यात नाकाला पट्टी लावून बसला होता. मळ्याचे कुत्रे भुंकलेच नाहीत, तिच्या हातचं खाऊन वाढलेत ते. एकाच वारात संपला. मग तिथेच पायरीवर बसून राहिली.

पेटी बघितली. उघडी आहे. बायबल आहे. मरणाचे कपडे आहेत.

साहेब म्हणाला, जबाब द्यायला तयार आहे म्हातारी, पण एकाच वाक्यावर अडून बसलीय. "मी प्यायलेली नाही. आधी ते लिहा."