पिसांपुढचं गाणं

१२ जानेवारी

चाकोवेत्सला घशाच्या डॉक्टरांकडे. महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, मग बघू. वरचे सूर परत येतील का? – लिहून विचारलं. त्यांनी वाचलं आणि खिडकीबाहेर बघितलं.

मार्चमध्ये झाग्रेबला माझ्या गाण्यांचा कार्यक्रम. तिकिटं संपलीत.

१३ जानेवारी

नवऱ्याला लिहून कळवलं. स्तेपान म्हणाला, "तीस वर्षं वाट बघितली या शांततेची." मग माझा गळपट्टा स्वतःच घट्ट बांधून दिला.

१९ जानेवारी

क्रेशोचा फोन – माझे कार्यक्रम तोच ठरवतो. स्तेपानने घेतला. क्रेशोचं म्हणणं, जुनं रेकॉर्डिंग लावू, तिने नुसते ओठ हलवावेत. मी नाही अशी मान हलवली. स्तेपानने तो नकार जरा तिखटमीठ लावून कळवला.

२५ जानेवारी

गावातल्या वेरोना मावशीकडे बदकांची पिसं सोलायला – दांडी टाकायची, मऊ भाग ठेवायचा. नातीच्या लग्नाची दुलई भरायचीय. पिसं उडू नयेत म्हणून दारं-खिडक्या बंद, शिंकायचंही नाही. माझी गाणी मुळात याच स्वयंपाकघरातली. मी ती गिटारवर घेतली, त्यांच्या वळणाची स्वतःचीही रचली, नाव झालं. मावशी म्हणाली, यंदा तरी तोंड बंद, हात चालेल हिचा.

मिर्ताही आली होती – झाग्रेबची तरुण गायिका, गावोगाव गाणी गोळा करते. जमलेल्या बायकांनी ओठ जेमतेम उघडून एक गाणं सुरू केलं. माझं सगळ्यात गाजलेलं, म्हणजे मुळात त्यांचंच. मिर्ताने खड्या आवाजात सूर लावला आणि मेजावरची अर्धी पिसं उडाली! केसांत पिसं, खायला ठेवलेल्या गिबानित्सा केकवर पिसं. मावशीने विचारलं, असं ओरडायला कोणी शिकवलं? पोर बिचारी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली.

"यांच्याच रेकॉर्डवरून. आमच्याकडे सगळे असंच गातात."

मावशी माझ्याकडे न बघता पिसं गोळा करत राहिली. "हिचं काय चुकलं? स्टेजवर पिसं नसतात. पण हे पिसांपुढचं गाणं आहे, बाळा. श्वास सांभाळून म्हणायचं."

मला बोलायची मनाई होती. बरंच झालं.

२७ जानेवारी

माझी जुनी रेकॉर्ड लावली. केवढा जोर! लोकांना आवडला, मलाही आवडायचा. अजूनही आवडतो – तेच तर दुखतं.

१३ फेब्रुवारी

वरचे सूर गेले. खालचे थोडे उरलेत, तेही हळू. क्रेशोला माझ्याच तोंडाने सांगितलं, कार्यक्रम रद्द कर. घोगरा आवाज त्याने ऐकला. मग म्हणाला, "आता काय करणार गं तू?"



१६ फेब्रुवारी

बटाटे सोलता सोलता तेच गाणं म्हणून बघितलं. मावशीसारखं, श्वास सांभाळून. स्तेपान खिडकीखाली लाकडं फोडत होता. दुसऱ्या कडव्याला कुऱ्हाड थांबली. तो बूट न काढता, बर्फासकट आत आला. माझ्या प्रत्येक कार्यक्रमात हे गाणं ऐकलंय त्याने.

"नवीन रचलंस?"

मी हो म्हटलं.